या चहात मध कुणी घातला?

वाफारा
मंडळी, प्रश्न साधाच आहे, पण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. तैवानहून आलेल्या एकाने चहाचं छोटं पाकीट दिलं. वर चिनी अक्षरं, खाली 'ओरिएंटल ब्यूटी'. उघडलं तर चहापत्ती म्हणावी असं आत काही दिसेना. पांढरी लव असलेल्या कळ्या, तांबडी, तपकिरी, पिवळट, हिरवट अशी वेडीवाकडी वाळलेली पानं. थेट पाचोळाच. गरम पाणी ओतलं, दोन मिनिटं थांबलो, गाळला. रंग मधाचा, वास मधाचा, आणि घोट घेतला तर चक्क मध आणि पिकलेलं पीच! साखरेचा कणही घातला नव्हता.

पाकिटावर घटक म्हणून फक्त 'चहा' लिहिलंय, असं मोबाइलचं भाषांतर सांगतं. मला कुणी फसवलंय की माझी जीभ फसवतेय?

कपबशी
फसवलेलं नाही, आणि जीभही शाबूत आहे. मध घातला तो तुडतुड्यांनी.

हो, तेच तुडतुडे, शेतकरी ज्यांच्या नावाने बोटं मोडतात ते. तांदळाच्या दाण्याहून लहान, हिरवे, फांदी हलली की तिरके पळणारे. तैवानच्या शिनचू भागात, बेपू आणि अमेई या गावांकडे, ऐन उन्हाळ्यात ते चहाच्या कोवळ्या शेंड्यांवर येतात. झाड मुकाट सहन करत नाही. ते काही सुगंधी द्रव्यं हवेत सोडतं आणि त्या वासावर तुडतुड्यांना खाणारे कीटक येतात. तुम्हाला जो मध लागला, ती झाडाची आरडाओरड आहे.

मग हा डंख झालेला शेंडा खुडायचा, उन्हात कोमेजवायचा, पुन्हा पुन्हा घोळवून पानाच्या कडा दुखवायच्या, हवेने बराचसा तांबूस होऊ द्यायचा आणि वाळवायचा. जातीने ऊलाँग, म्हणजे हिरवा आणि काळा यांच्या मधला, पण काळ्या चहाच्या उंबरठ्यावर बसलेला. अट एकच, फवारणी करायची नाही. औषध मारलं की तुडतुडे गेले आणि त्यांच्याबरोबर मधही.

तिथल्या बोलीत याचं जुनं नाव 'फुशारकीचा चहा'. एका शेतकऱ्याने किडीने बिघडवलेला माल टाकून न देता चहा करून बाजारात नेला, तो चढ्या भावाने गेला, आणि गावात येऊन सांगितलं तर लोक म्हणाले, थापा मारतोय! अशी गोष्ट सांगतात.

कोराकागद
म्हणजे कीड लागलेला माल 'ब्यूटी' म्हणून खपवला. विकणाऱ्याला माझा दंडवत.

वाफारा
कपबशीताई, धन्यवाद. लगेच जाऊन भिजलेली पानं बशीत पसरून पाहिली. पण एकाही पानाला भोक नाही हो. कुरतडल्याची खूणसुद्धा नाही. मग माझ्या पाकिटातला खोटा का?

कपबशी
भोकं शोधू नका. तुडतुडा पान खात नाही, सोंड खुपसून रस शोषतो. खुडलेली पानं नेहमीपेक्षा लहान आहेत का बघा, कडा आतल्या बाजूला वळून तपकिरी पडल्यात का बघा. आणि पान गरम पाण्यात पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. तुम्ही पहिल्याच पाण्यानंतर बघितलं असणार.

पानोपानी
कपबशी म्हणताहेत ते दार्जिलिंगलाही लागू पडतं. मी तिकडच्या एका बागेच्या कारखान्यात चार हंगाम काढलेत (बागेचं नाव लिहीत नाही). मे-जूनमधला सेकंड फ्लश, म्हणजे दुसऱ्या खुडीचा चहा, ज्या मस्कटेल चवीसाठी ओळखला जातो, म्हणजे मस्कट द्राक्षांची आठवण करून देणारी चव, तिच्यामागेही हेच तुडतुडे असतात आणि जोडीला फुलकिडे. पान पिवळट पडतं, वाढ खुंटते. नवख्याला वाटतं बाग आजारी आहे. जुने लोक खूश असतात.

पण किडा अर्धंच काम करतो. उरलेलं रात्री होतं.

लांबलचक पेट्या असतात, तळाला जाळी, खालून पंख्याची हवा, वर वीतभर पानांचा थर. संध्याकाळी पान ताठ असतं, दुमडलं तर कटकन मोडतं. वास कापलेल्या गवताचा. मध्यरात्रीनंतर तेच पान जुन्या धुतलेल्या रुमालासारखं मऊ होतं. मुठीत दाबून सोडलं तरी गोळा तसाच राहतो. पानाचं निम्म्याहून जास्त वजन पाणी होऊन उडून गेलेलं असतं, आणि वास गवताकडून फुलांकडे, फुलांकडून फळांकडे सरकत जातो. आमचे एक वयस्कर फॅक्टरी बाबू होते, त्यांना घड्याळाशी देणंघेणं नव्हतं. ओंजळभर पान उचलायचं, नाक खुपसायचं आणि म्हणायचं, 'अझै'. नेपाळीत 'अजून'. अर्ध्या तासाने पुन्हा ओंजळ, पुन्हा 'अझै'. पहाटे कधीतरी 'भयो', म्हणजे 'झालं', म्हणाले की आम्ही धावत रोलर सुरू करायचो. त्या 'अझै' आणि 'भयो'च्या मधली वीस मिनिटं चुकली, तर पुढच्या कुठल्याही यंत्राने ती भरून काढता येत नाहीत.

दवबिंदू
पानोपानी, सुरेख लिहिलंत. दार्जिलिंगच्या फर्स्ट फ्लशबद्दल एक विचारायचं होतं. काळा चहा म्हणून विकतात, पण माझ्या डब्यातली पानं निम्मी हिरवी आहेत. कच्चा माल दिला का?

पानोपानी
कच्चा नाही. मार्च-एप्रिलच्या पहिल्या खुडीचं पान फार नाजूक असतं, म्हणून ते जास्तच कोमेजवतात. इतकं पाणी गेल्यावर पान सगळीकडे सारखं तांबूस होत नाही, काही भाग हिरवाच राहतो. कपात सोनेरी, फुलांचा वास, जिभेवर किंचित झणका. त्याला काळ्या चहाच्या रंगाची अपेक्षा ठेवून जास्त वेळ पाण्यात ठेवलं की तुरट होतो आणि लोक चहाला नावं ठेवतात.

पावसाळ्यातला माल साधा, कडक. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पुन्हा छान, तांबूस आणि मऊ, पण त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. माझा आवडता तोच.

जाता जाता, २०१७ साली जूनपासून शंभराहून जास्त दिवस सगळ्या डोंगरावर बंद होता. सेकंड फ्लशचा बराचसा माल झुडपांवरच राहिला. ज्या झुडपाला वर्षानुवर्षं कंबरेच्या वर जाऊ दिलेलं नसतं, ते सुटलं की झाड व्हायला निघतं. चहाचं मूळचं झाड असतं हे पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी बघायला नको होतं.

तिसरीघंटा
माझी फजिती सांगतो, म्हणजे पुढच्याला उपयोग होईल. जपानचा ग्योकुरो नावाचा हिरवा चहा भेट मिळाला. गडद हिरव्या सुया, वास समुद्रकाठच्या शेवाळासारखा. मी आपलं खळखळून आधण आणलं, त्यात दोन चमचे टाकला, झाकण ठेवलं आणि पाच मिनिटं फोनवर बोलत बसलो. जे तयार झालं त्याला चहा म्हणणं म्हणजे चहाचा अपमान. कडू जहर, वर उकडलेल्या पालकाचा वास. बेसिनमध्ये ओतला आणि देणाऱ्याला 'फार छान होता' असं कळवलं.

वर्षभराने त्याच माणसाने समोर बसवून करून दिला. पाणी इतकं कोमट की मला वाटलं विसरला. पाच-सहा ग्रॅम पानावर जेमतेम ऐंशी मिली पाणी. दोन मिनिटांनी थेंब न् थेंब निथळून हातात दिलं ते चार घोट. दाट, गोडसर, आणि खारट नसूनही खारट वाटावं असं सूप. चहाची चव अशी असू शकते हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

कोराकागद
चार घोटांसाठी एवढा सोपस्कार! त्यापेक्षा सूप प्यावं.

दवबिंदू
कोराकागद, सोपस्कार नाही, रसायनशास्त्र आहे. खुडणीच्या आधी साधारण तीन आठवडे ग्योकुरोच्या बागेवर छप्पर घालून ऊन अडवतात. चहाच्या मुळांत थिआनिन नावाचं अमिनो आम्ल तयार होतं आणि पानांत येतं. ऊन मिळालं की त्याचं रूपांतर तुरट कॅटेचिनमध्ये व्हायला लागतं. ऊन अडवलं की थिआनिन तसंच शिल्लक राहतं, आणि सूपासारखी चव त्याचीच. १९४९ मध्ये ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं, तेही ग्योकुरोतूनच. सावलीतलं झाड मिळेल तेवढा उजेड पकडायला हरितद्रव्य वाढवतं, म्हणून रंग एवढा गडद.

आता तुमचं आधण. थिआनिन कोमट पाण्यातही उतरतं. कडू-तुरट द्रव्यांना उकळतं पाणी लागतं. पन्नास-साठ अंशांवर पहिलं मिळतं, दुसरं बरंचसं पानातच राहतं. तिसरीघंटांनी दोन्ही एकदम ओढून काढलं.

चीनमध्ये हिरवा चहा बहुधा कढईत परततात, जपानमध्ये वाफवतात. दोन्हीचा हेतू एकच, पान तांबूस करणारं विकर (एन्झाइम) उष्णतेने मारायचं. चिनीत त्या पायरीला 'शाछिंग' म्हणतात, शब्दशः हिरव्याला मारणं. कापलेलं सफरचंद काळं पडतं ना, तीच क्रिया, फक्त इथे वेळेवर थांबवलेली. वाफवलेल्याला समुद्राचा, पालेभाजीचा वास राहतो. परतलेल्याला खरपूसपणा येतो. हांगचौच्या पश्चिम सरोवराजवळचा लोंगचिंग घ्या. तिथे कारागीर उघड्या तळहाताने पान तापलेल्या कढईला दाबत राहतो, म्हणून ते सपाट, तलवारीच्या पात्यासारखं होतं, आणि कपात भाजलेल्या चेस्टनटचा वास येतो. चिंगमिंगच्या सणाआधी, म्हणजे एप्रिलच्या चार-पाच तारखेआधी खुडलेला सगळ्यात कोवळा. सेंचा या जपानी हिरव्या चहाची वाफवून-वळून वाळवायची पद्धत बसवली ती उजीजवळच्या नागातानी सोएन या शेतकऱ्याने, १७३८ मध्ये.

वाफारा
थांबा, थांबा. म्हणजे हे सगळं एकाच झाडाचं?

शिळोप्या
एकाच. कॅमेलिया सायनेन्सिस. त्याचे मोठे वाण दोन, चीनचा बारीक पानाचा, थंडी सोसणारा. आणि आसामचा मोठ्या पानाचा. हिरवा, पांढरा, पिवळा, ऊलाँग, काळा ही झाडांची नावं नाहीत, खुडल्यावर पानाचं काय केलं त्याची नावं आहेत. पांढऱ्याला जवळजवळ काहीच करत नाहीत. फुज्यान प्रांतातल्या फुदिंग आणि चंगहे इथे नुसत्या लवदार कळ्या खुडून कोमेजवतात आणि वाळवतात. चव इतकी हळू की पहिल्या दोन घोटांत 'हे पाणीच आहे' वाटतं, तिसऱ्याला काकडी, खरबूज असं काहीतरी जाणवतं.

आणि सुटा चहा ही गोष्टही मुळात एका बादशहाच्या हुकमाने रुळली. त्याआधी चीनमध्ये दरबाराला नजराणा म्हणून चहाच्या दाबलेल्या वड्या जात. त्या करायला अतोनात मजुरी लागे. मिंग घराण्याचा पहिला सम्राट होंगवू स्वतः गरिबीतून वर आलेला, त्याने १३९१ मध्ये वड्या बंद करून सुटं पान पाठवायला सांगितलं. मग पान पाण्यात भिजवून पिणं आलं, त्याबरोबर चहाची किटली आली. त्याआधीची पूड घुसळून प्यायची रीत जपानी भिक्षूंनी जपानला नेलेली होती, ती तिथे टिकली. आजची माचा ती.

शब्दाचंही तसंच. चीनच्या बऱ्याच भागांत 'छा', फुज्यानच्या किनाऱ्यावरच्या बोलीत 'ते'. डच जहाजं त्या किनाऱ्यावरचा माल नेत, म्हणून पश्चिम युरोपात 'टी', 'ते', 'थे'. खुष्कीच्या वाटेने गेलेल्यांकडे आणि मकावच्या पोर्तुगिजांकडे 'चा'. आपला चहा त्या दुसऱ्या घराण्यातला.

कोराकागद
चीन झालं, जपान झालं. आसामने काय घोडं मारलंय? की दुधात चालतो म्हणून इथे पंगतीला नाही?

शिळोप्या
बरं झालं विचारलंत. आसामात चहा कुणी 'आणला' नाही, तो तिथेच होता. सिंगफो लोक तो आधीपासून पीत. पान भाजून बांबूच्या नळीत ठासायचं आणि चुलीवर धुरात टांगून ठेवायचं, 'फालाप' म्हणतात त्याला. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस त्यांच्या प्रमुखाकडे पोचला आणि पुढे 'शोध' त्याच्या नावावर लागला. त्याला सिंगफोंचा पत्ता देणारे मणिराम देवान होते. पुढे त्यांनी स्वतःच्या बागा लावल्या, इंग्रजांच्या मक्तेदारीत पहिला भारतीय मळेवाला म्हणून. १८५८ च्या फेब्रुवारीत त्यांनाच उठावाच्या आरोपावरून फाशी दिलं. लंडनच्या लिलावात आसामच्या पहिल्या आठ पेट्या १० जानेवारी १८३९ ला गेल्या होत्या. गंमत अशी की झाड समोर असूनही चिनी वाणच खरा, या समजुतीपायी ईस्ट इंडिया कंपनीने आधी चिनी बियाण्यावर बरीच वर्षं घालवली.

दार्जिलिंगला मात्र ते चिनी बियाणं मानवलं. १८४१ मध्ये डॉ. कॅम्पबेल यांनी तिथे बंगल्याच्या आवारात लावून पाहिलं.

पानोपानी
आणि दुधात चालतो हा काही कमीपणा नाही. दुधातलं केसिन तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, त्यामुळे कडक चहा मऊ लागतो. आसामच्या मोठ्या पानात ती द्रव्यंच भरपूर असतात, दूध घातल्यावरही चहा उरतो. फर्स्ट फ्लशमध्ये दूध घातलं तर नुसतं दूध उरतं, एवढाच मुद्दा.

कोराकागद, तुम्हाला माहीत आहे तो आसाम बहुतेक सीटीसी असणार, दाणेदार. १९३० च्या दशकात विल्यम मॅककर्चर यांनी आसामातच ती पद्धत आणली. दातेरी रोलरांच्या जोडीत पान चिरडतं, फाटतं, गुंडाळतं. रंग झटकन, कडकपणा झटकन, पण पानाच्या वासातले बारकावे त्यात जातात. त्याच बागांमधला ऑर्थोडॉक्स, अख्ख्या पानाचा सेकंड फ्लश एकदा कोरा पिऊन बघा. सोनेरी टोकं असलेली काळी पानं, कपात तांबूस, माल्टसारखा भारदस्त गोडवा.

पाकिटावरच्या त्या लांबलचक इंग्रजी अक्षरांना मात्र भुलू नका. एफटीजीएफओपी वगैरे. ती पानाचा आकार आणि टोकांचं प्रमाण सांगतात, चवीचं प्रमाणपत्र नाही. शेवटचं 'ओपी' म्हणजे 'ऑरेंज पेको'. त्यातल्या 'ऑरेंज'चा संत्र्याशी संबंध नाही, आणि 'पेको' म्हणजे फुज्यानच्या बोलीतलं 'पांढरी लव'.

तिसरीघंटा
पण काळा चहा आंबवतात ना? मग त्यात आणि प्वारमध्ये फरक काय?

कपबशी
नाही आंबवत! हा गैरसमज कधी मरणार कोण जाणे. काळ्या चहात पानातलंच विकर आणि हवेतला प्राणवायू काम करतात. त्यात जिवाणू नाहीत, बुरशी नाही. त्याला ऑक्सिडेशन म्हणा.

पानोपानी
कपबशी, शास्त्र तुमचं बरोबर. पण आमच्या कारखान्यात त्या खोलीच्या दारावर 'फर्मेंटिंग रूम' असंच लिहिलेलं होतं, आणि तिथे उभं राहून 'ऑक्सिडेशन झालं का' विचारलं असतं तर लोक हसले असते. धंद्याचा शब्द आहे, राहू द्या.

कपबशी
राहू द्या, फक्त प्वारशी गल्लत नको. चीनच्या युन्नानमधला शौ, म्हणजे पिकवलेला, प्वार खरोखर आंबवतात. पानांचा मोठा ढीग, त्यावर पाणी, वर झाकण, आत सूक्ष्मजीव; ढीग तापतो, मग उलथापालथ करायची, असं कित्येक आठवडे. ही पद्धत १९७३ च्या सुमारास खुनमिंगमध्ये बसवली, कारण वर्षानुवर्षं मुरलेल्या जुन्या चहाची चव लोकांना लवकर हवी होती. कपात जवळजवळ काळा, पावसानंतरच्या जंगलासारखा वास, तुरटपणा नावाला नाही. दुसरा शंग, कच्चा. तो दाबून ठेवतात आणि वर्षांवर सोडून देतात. पारंपरिक चकती ३५७ ग्रॅमची, सात चकत्यांची एक चळत. आणि तिकडच्या चिंगमाई डोंगरावर जंगलाच्या सावलीत वाढवलेल्या जुन्या चहाच्या झाडांना २०२३ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली.



दवबिंदू
फसवणुकीचा विषय वाफारांनी सुरुवातीलाच काढलाय, तर माझा अनुभव. एका ऑनलाइन विक्रेत्याने 'दा होंग पाओ, मातृवृक्षांचा' असं छापून चहा विकला आणि मी हौसेने घेतला. चहा वाईट नव्हता, भाजका, थोडा धुरकट. नंतर वाचलं की चीनच्या वूयी डोंगरातल्या त्या कड्यावरची मूळ झुडपं सहाच आहेत, त्यांची शेवटची खुडणी २००५ मध्ये झाली आणि २००६ पासून तोडायला बंदी आहे. बाजारात मिळतो तो त्यांच्या कलमांचा, किंवा बरेचदा तिथल्या वेगवेगळ्या खडकचहांचं मिश्रण. त्यात गैर काही नाही. कोळशावर हळूहळू भाजलेला चांगला वूयी चहा प्यायल्यावर ओल्या दगडाची चव जिभेवर बराच वेळ राहते, घसा मागून गोड होतो. पण 'मातृवृक्ष' छापलेलं दिसलं की पाकीट खाली ठेवायचं.

शिळोप्या
तशीच काळजी दार्जिलिंगची घ्यावी लागते. भारतात भौगोलिक मानांकन मिळालेलं पहिलं उत्पादन तेच, २००४-०५ मधलं. ठरलेल्या ८७ बागांचाच माल त्या नावाने विकता येतो. हद्दीपलीकडे नेपाळचा इलाम आहे. तोच डोंगर, तशीच हवा, आणि चहाही चांगला, पण तो इलाम म्हणूनच प्यावा.

वाफारा
एक शेवटचं. ऑर्किडचा वास येणारा चहा, मोगऱ्याचा चहा, यांतही फुलं नसतात का?

कपबशी
दोन्हींचं उत्तर वेगळं. क्वांगतुंग प्रांतातल्या फिनिक्स डोंगराच्या तान्त्सोंग चहात फुलं नसतात. तिथे झाडागणिक वास वेगळा. एकाला मध-ऑर्किड, एकाला दालचिनी, आणि त्यांतल्या सगळ्यात नाजूक, फुलांच्या वासाच्या चहाचं नाव आहे 'बदकाच्या शिटेचा सुगंध'. म्हणे मालकाने कुणी कलम चोरू नये म्हणून मुद्दाम घाणेरडं नाव ठेवलं. नावामुळे घाबरू नका, आवर्जून घ्या.

मोगऱ्याच्या चहात मात्र खरी फुलं असतात, पण तुम्हाला दिसतात ती नव्हेत. फुचौची रीत अशी की दुपारी मिटलेल्या कळ्या खुडायच्या, संध्याकाळी उमलायला लागल्या की तयार हिरव्या चहात मिसळायच्या. चहा रात्रभर वास शोषतो. सकाळी फुलं चाळून काढायची, चहा पुन्हा वाळवायचा, आणि नवीन फुलांनी परत तेच, कित्येकदा. चांगल्या मालात पाकळी क्वचितच सापडते. पाकिटात वाळक्या फुलांची गर्दी दिसली, तर ती शोभेची.

पानोपानी
यादी पुरी करायची म्हणून नव्हे, पण श्रीलंकेच्या ऊव्हाचा उल्लेख राहू नये. जुलै ते सप्टेंबर तिथे कोरडा वारा सुटतो, पान झाडावरच अर्धं तहानलेलं राहतं, आणि चहात चक्क मेंथॉलसारखा गारवा येतो. कुणी पुदिना घातलेला नसतो. नीलगिरीलाही डिसेंबर-जानेवारीत दहिवराच्या रात्रींनंतरचं पान वेगळंच सुगंधी निघतं.

कोराकागद
किडा, सावली, वारा, दहिवर. ज्या झाडाला सुखाने जगू दिलं त्याचा चहा करतच नाही का कुणी?

पानोपानी
करतात. तो पावसाळी माल.

वाफारा
कपबशीताईंनी सांगितल्याप्रमाणे आज नीट केलं. पाच ग्रॅम पान, झाकणाचा लहान कप, शंभर मिली पाणी, उकळून थोडं निवलेलं. पहिलं पाणी अर्ध्या मिनिटात ओतलं, मग दर वेळी थोडा वेळ वाढवत गेलो. पहिल्याला मध होताच. तिसऱ्याला मध मागे गेला आणि वाळलेल्या जर्दाळूसारखं काहीतरी पुढे आलं. पाचव्याला लाकूड. सहाव्याला नुसतं गोडसर कोमट पाणी.

मग पानं पांढऱ्या बशीत पसरली. आता पूर्ण उलगडली होती. बहुतेक करंगळीच्या नखाएवढी, दोन पानं आणि मध्ये कळी. एका पानाची अर्धी बाजू नीट वाढलेली, दुसरी अर्धी आक्रसून आत वळलेली, आणि त्या बाजूची कड जळल्यासारखी तपकिरी. भिंगातून बघितलं, भोक नाही.

पान वाळायला ठेवलंय, फेकवत नाहीये. आणि कप धुवायला घेतला तर मधाचा वास तळाशी अजून होता, चहा संपून तास झाला होता तरी.

कोराकागद
पाकिटात किती उरलाय?